दहावीच्या इंग्रजीचा अनसीन पॅसेज: गुण कुठे गळतात आणि सराव कसा करायचा

बहुतेक घरांत अनसीन पॅसेजचा, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा, सराव एकाच साच्यात चालतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून प्रश्नसंच आणायचा, रोज एक उतारा सोडवायचा, मागची उत्तरं पाहून बरोबर-चूक खुणा करायच्या, दहापैकी किती ते पानावर लिहायचं आणि पुढचं पान उलटायचं. असे तीस-चाळीस उतारे झाले तरी सुरुवातीचे सहा गुण सहावरच अडून बसतात. मग घरचे म्हणतात, शब्दसंग्रह कमी पडतोय, डिक्शनरी पाठ कर. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे.

चुकलेली उत्तरं पुन्हा उताऱ्याशी ताडून पाहा. अवघड शब्दामुळे चुकलेली त्यात थोडीच निघतील. बाकीची 'ऑल्दो', 'फ्यू', 'हार्डली', 'देम', 'वन्स' असल्या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांपाशी चुकलेली असतात. हे शब्द मुलांना पाचवीपासून 'येतात', आणि म्हणूनच त्यांच्यावरून नजर घसरते. तेव्हा सोडवायच्या उताऱ्यांची संख्या निम्मी करा आणि प्रत्येक उतारा दोनदा हाताळा: एकदा सोडवायला, एकदा उकलायला.

एका उताऱ्यावर पंधरा गुण

राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असतं. लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची, तीन तासांची. उरलेले २० गुण शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० ची वाटणी अशी: भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे २०, कविता १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश १५, लेखन २०, भाषांतर ५.

पुस्तकाबाहेरचा उतारा चौथ्या प्रश्नात येतो. त्यावर पाच कृती, प्रत्येकी २ गुणांच्या. ए-वनमध्ये उताऱ्यात सरळ दिलेली माहिती विचारतात, ए-टूमध्ये दोन-तीन वाक्यं जोडून काढावी लागणारी. ए-थ्री शब्दसंपत्तीची, ए-फोर व्याकरणाची आणि ए-फाइव्हमध्ये तुमचं स्वतःचं मत. त्यानंतर 'बी' भागात त्याच उताऱ्याचा सारांश, शीर्षकासह, ५ गुणांना. म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलटा लागला तर धक्का पंधरा गुणांना बसतो. पुस्तकातल्या उताऱ्यांवरही याच पाच पायऱ्या असतात, फक्त तिथे धडा आधी शिकलेला असतो. पुष्कळ मुलं ते २० गुण गाइडमधली उत्तरं पाठ करून मिळवतात, आणि वाचायची सवय जिथे लागायची तिथेच लागत नाही.

पाच वाक्यांतले सापळे

खाली एक छोटा उतारा आहे. तो मुद्दाम नागरीत लिहिला आहे. मोठ्यांनी सावकाश वाचावा आणि मुलाने इंग्रजीत उतरवून घ्यावा. तेवढीच डिक्टेशनचीही सोय होईल.

'पुणे वॉज वन्स नोन ॲज द सिटी ऑफ सायकल्स. क्लर्क्स, टीचर्स अँड फॅक्टरी वर्कर्स रोड टू वर्क, अँड फ्यू ऑफ देम ओन्ड अ स्कूटर. ॲज द सिटी स्प्रेड, होम्स मूव्ह्ड फार फ्रॉम वर्कप्लेसेस, अँड द सायकल स्लोली लॉस्ट इट्स प्लेस टू द टू-व्हीलर. ऑल्दो द सिटी हॅज बिल्ट सायकल ट्रॅक्स सिन्स देन, मेनी ऑफ देम आर ब्रोकन बाय पार्क्ड व्हेइकल्स अँड शॉप स्टॉल्स. अ रायडर हू स्टार्ट्स ऑन अ ट्रॅक हार्डली एव्हर फिनिशेस ऑन वन.'

यात एकही शब्द डिक्शनरी उघडायला लावणारा नाही. तरीही यावर पाच-सहा उत्तरं सहज चुकतात. कशी ते वाक्यागणिक पाहू.

पहिलं वाक्य. ए-वनमध्ये 'पुणे इज नोन टुडे ॲज द सिटी ऑफ सायकल्स' असं विधान देऊन ट्रू की फॉल्स विचारलं, तर घाईत वाचणारं मूल ट्रू लिहून मोकळं होतं, कारण उताऱ्यातले सगळे शब्द विधानात दिसतात. 'वन्स' म्हणजे 'एकदा' एवढंच डोक्यात असतं. इथे त्याचा अर्थ 'एके काळी' असा आहे आणि त्याच्यासोबत 'वॉज' आहे. दोन्ही मिळून 'आता तसं नाही' हे सांगतात. ट्रू-फॉल्सचं विधान रचणारा उताऱ्यातले नव्वद टक्के शब्द तसेच ठेवतो आणि काळ, संख्या किंवा नकार बदलतो. तेव्हा जुळणारे शब्द शोधण्याऐवजी न जुळणारा एक शब्द शोधायचा.

दुसऱ्या वाक्यात दोन सापळे आहेत. 'रोड' हा शब्द छापील उताऱ्यात आर-ओ-डी-ई असा असतो, म्हणजे 'राइड'चा भूतकाळ. मनातल्या मनात उच्चारून वाचणारं मूल तो 'रस्ता' असा ऐकतं, आणि 'कामावर जाणारा रस्ता' असा अर्थ लावून पुढे जातं. दुसरा सापळा 'फ्यू'चा. 'अ फ्यू' असतं तर 'काहींकडे स्कूटर होती' असा अर्थ झाला असता. 'अ' नाही, म्हणून 'जेमतेम एखाद्याकडेच होती'. एका अक्षरावर वाक्य होकारी की नकारी ते ठरतं. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच.

तिसरं वाक्य 'ॲज'ने सुरू होतं. हाच 'ॲज' पहिल्या वाक्यात 'म्हणून' या अर्थाने आलाय: सायकलींचं शहर म्हणून. इथे तो 'जसजसं' या अर्थाने आहे: शहर जसजसं पसरत गेलं. तिसऱ्या एखाद्या उताऱ्यात तोच 'कारण' होऊन येईल. याच वाक्यात 'लॉस्ट इट्स प्लेस टू' आहे. 'टू'नंतर जो येतो तो जिंकलेला, म्हणजे सायकलची जागा दुचाकीने घेतली. हे उलटं लागलं तर ए-टू आणि सारांश दोन्ही जातात.

चौथ्या वाक्यात 'मेनी ऑफ देम' म्हणजे कोण? जवळचं अनेकवचनी नाम शोधायचं: 'सायकल ट्रॅक्स'. मुलं 'सायकली' लिहितात, कारण पुढे 'ब्रोकन' दिसतं, ब्रोकन म्हणजे मोडलेलं, आणि मोडते ती सायकल. इथे ट्रॅक फुटलेलेही नाहीत; मध्येच गाड्या आणि टपऱ्या आल्यामुळे सलग राहिलेले नाहीत. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी शब्द लिहायची जी सवय असते ती अशा ठिकाणी दगा देते. शब्द सुटा उचलला की त्याचा पहिला अर्थ हाताला लागतो, आणि वाक्यात बहुधा दुसराच हवा असतो.

पाचव्या वाक्यात कर्ता 'रायडर' आणि त्याचं क्रियापद 'फिनिशेस' यांच्यामध्ये 'हू स्टार्ट्स ऑन अ ट्रॅक' घुसलं आहे. मराठीत आपण 'जो ट्रॅकवरून सुरुवात करतो, तो' असं म्हणून कर्त्याची ओळख आधी उरकतो. इंग्रजीत ती कर्त्याच्या पाठीला चिकटून येते, आणि मुलांना 'स्टार्ट्स' हेच मुख्य क्रियापद वाटतं. अशा वेळी 'हू', 'विच', 'दॅट' यांपासून सुरू होणारा तुकडा कंसात टाकून उरलेलं वाक्य वाचायचं: रायडर हार्डली एव्हर फिनिशेस ऑन वन. आता 'हार्डली एव्हर' म्हणजे 'जवळजवळ कधीच नाही'; वाक्यात 'नॉट' नसतानाही ते नकारी आहे. 'हार्ड'च्या अर्थाशी त्याचा इथे काही संबंध नाही, तरी 'कष्टाने पोहोचतो' असा अर्थ लावणारी मुलं असतातच. आणि शेवटचं 'वन' म्हणजे 'एक' हा आकडा नसून 'ट्रॅक'.

दोन दिवस, एक उतारा

पहिल्या दिवशी घड्याळ लावून उतारा सोडवायचा. पाच कृतींच्या 'ए' भागाला २० मिनिटं, सारांशाला १०. डिक्शनरी नाही, फोन नाही. उत्तरं लगेच तपासायची, पण चुकलेल्या ठिकाणी बरोबर उत्तर लिहायचं नाही. फक्त खूण. बरोबर उत्तर लिहून टाकलं की मन समाधान पावतं आणि दुसऱ्या दिवशी शोधायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच उतारा, हातात पेन्सिल, घड्याळ नाही. जोडशब्दांना ('ॲज', 'ऑल्दो', 'बट' असे वाक्यं जोडणारे शब्द) आणि नकाराच्या शब्दांना गोल करायचा. 'ही', 'इट', 'देम', 'दिस', 'वन' अशा प्रत्येक सर्वनामापासून ते ज्याच्याबद्दल आहे त्या नामापर्यंत बाण काढायचा. प्रत्येक वाक्याच्या मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची. दीड-दोनशे शब्दांच्या उताऱ्याला सुरुवातीला अर्धा तास लागतो. आठ-दहा उताऱ्यांनंतर दहा-बारा मिनिटांत होतं. मग चुकलेला प्रश्न घ्यायचा आणि उताऱ्यातल्या ज्या शब्दाने उत्तर ठरतं त्या शब्दावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं की ती चूक कळली.

त्यानंतर चूक वहीत एका अक्षराने नोंदवायची. 'श' म्हणजे शब्दच माहीत नव्हता. 'ज' म्हणजे जोडशब्द किंवा नकार निसटला. 'स' म्हणजे सर्वनाम भलत्याला जोडलं. 'प्र' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. 'ल' म्हणजे उत्तर कळलं होतं, लिहिताना बिघडलं. सहा उतारे झाले की अक्षरं मोजायची. ज्या अक्षराची गर्दी जास्त त्यावर पुढचे दोन आठवडे घालवायचे. 'श' फार निघाले तर उतारे वरच्या पातळीचे पडताहेत. वीस शब्दांत एखादा अनोळखी निघाला तर चालतो, त्याहून जास्त अडत असतील तर सातवी-आठवीच्या पातळीवर उतरायचं, त्यात कमीपणा नाही. 'ल' जास्त असतील तर दोष वाचनाचा नाहीच. तिथे उतारे वाढवून काही होणार नाही, वाक्यं लिहून तपासून घ्यावी लागतील.

ज्या घरात मोठ्यांना इंग्रजी फारसं येत नाही तिथेही एक गोष्ट नक्की करता येते. मुलाने उतारा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तीन-चार वाक्यांत मराठीत सांगायचं. शब्दशः भाषांतर नको, काय लिहिलंय तेवढं. ऐकणाऱ्याने फक्त 'मग?' आणि 'का बरं?' एवढंच विचारायचं. जिथे सांगताना अडखळतं किंवा 'म्हणजे तसंच काहीतरी आहे' असं येतं, तिथे वाचताना वाक्य सुटलेलं असतं. आजीसमोरही हे चालतं. किंबहुना जास्त चांगलं चालतं, कारण आजी अर्धवट उत्तरावर सोडत नाही.

मोठ्याने वाचून घेण्यावर मात्र फार विसंबू नये. अडखळत नाही म्हणजे समजलं, असं होत नाही. उच्चार सफाईदार आणि अर्थाचा पत्ता नाही, हे सेमी इंग्रजीच्या वर्गांत विशेष दिसतं. सेमीच्या मुलांना एक फायदा मात्र आहे: विज्ञानाच्या पुस्तकात 'इज कॉल्ड', 'आर फॉर्म्ड बाय' असे कर्मणी प्रयोग पानोपानी असतात. तेव्हा 'मेनी ऑफ देम आर ब्रोकन बाय' असं वाक्य आलं की 'कोणामुळे' हे 'बाय'नंतर शोधायचं, हे त्यांना लवकर जमतं. फक्त तो धडा इंग्रजीच्या तासाला आठवायला हवा.

फोनचा कॅमेरा उताऱ्यावर धरून मराठी भाषांतर पाहण्याची नवी सवय आता घराघरांत आहे. तपासायला ठीक. पण वाचण्याआधी केलं तर सराव मराठी वाचनाचा होतो.

कृतीगणिक

ए-वनमध्ये चौकट, वेब (मध्ये विषय आणि भोवती रिकाम्या जागा असलेली आकृती) किंवा तक्ता असेल तर कृतिपत्रिकेत दिलेला आहे तसा पूर्ण काढून त्यात उत्तरं लिहायची. नुसती उत्तरं ओळीत लिहू नयेत. वेबमध्ये पूर्ण वाक्य लागत नाही, उताऱ्यातला शब्द किंवा शब्दसमूह पुरतो. 'कम्प्लीट द सेंटेन्स' असेल तर दिलेली सुरुवात आणि तुम्ही जोडलेला शेवट मिळून एक सरळ वाक्य होतंय का ते वाचून पाहायचं. उताऱ्यातून तुकडा जसाच्या तसा उचलला की दोन क्रियापदं तरी येतात किंवा एकही येत नाही.

घटना क्रमाने लावायला सांगितल्या असतील तर सावध राहायचं, कारण सांगण्याचा क्रम आणि घडण्याचा क्रम एक असेलच असं नाही. समजा आगाखान पॅलेसवरच्या उताऱ्यात असं वाक्य आलं: 'व्हेन गांधीजी वॉज रिलीज्ड इन मे नाइन्टीन फॉर्टी-फोर, ही हॅड ऑलरेडी लॉस्ट महादेवभाई देसाई अँड कस्तुरबा देअर.' वाक्यात सुटका आधी आहे, पण घडलं उलट: महादेवभाईंचं निधन ऑगस्ट १९४२ मध्ये, कस्तुरबांचं फेब्रुवारी १९४४ मध्ये आणि सुटका त्यानंतर मे १९४४ मध्ये. 'हॅड' आणि त्यापुढचं क्रियापद दिसलं की ती गोष्ट आधीची. 'बिफोर', 'आफ्टर', 'अन्टिल' यांच्याखाली रेघ मारली की हा प्रश्न बहुधा सुटतो.

ए-टूत सगळ्यात जास्त गुण जातात, आणि ते अर्धं उत्तर लिहिल्यामुळे. वरच्या उताऱ्यावर 'व्हाय डिड पीपल स्टॉप यूझिंग सायकल्स?' असं विचारलं तर 'बिकॉज ऑफ टू-व्हीलर्स' एवढं उत्तर अपुरं आहे. शहर पसरलं, घरं कामापासून लांब गेली, म्हणून दुचाकी आली. साखळीत तीन कड्या आहेत आणि दोन गुणांसाठी निदान दोन तरी लिहायला हव्यात. उतारा 'आय' म्हणून सांगितलेला असेल तर उत्तरात 'द रायटर' किंवा 'द नरेटर' करायचं, आणि त्यासोबत 'माय'चं 'हिज' किंवा 'हर' करायचं. 'आय' बदलून 'माय' तसंच राहिलेली उत्तरं ढिगाने सापडतात.

ए-थ्रीमध्ये 'फ्रॉम द पॅसेज' असं म्हटलं असेल तर शब्द उताऱ्यातलाच हवा. डोक्यातला समानार्थी शब्द कितीही योग्य असला तरी चालत नाही. विचारलेला शब्द नाम असेल तर उत्तरही नाम, क्रियापद असेल तर त्याच काळातलं क्रियापद. 'पीपल हू डू ऑफिस वर्क' यासाठी उताऱ्यातून 'क्लर्क' लिहून शेवटचा 'एस' गाळला तर उत्तर उताऱ्यातलं राहिलं नाही. स्वतःच्या वहीत शब्द नोंदवताना एका उताऱ्यामागे पाचच घ्या आणि शेजारी मराठी अर्थाऐवजी उताऱ्यातलं ते पूर्ण वाक्य लिहा.

ए-फोरमध्ये वाक्य उताऱ्यातलं आणि व्याकरण वर्षभर शिकलेलं. 'ऑल्दो' काढून 'बट' वापरायला सांगितलं तर मुलं दोन्ही ठेवतात, कारण मराठीत 'जरी'सोबत 'तरी' लागतोच. इंग्रजीत 'ऑल्दो' आलं की 'बट' नाही, आणि 'बट' आलं की 'ऑल्दो' नाही. प्रयोग बदलायला सांगितला तर चौथ्या वाक्यातला तुकडा 'पार्क्ड व्हेइकल्स अँड शॉप स्टॉल्स ब्रेक मेनी ऑफ देम' असा होईल. आणि 'हार्डली'च्या वाक्याला क्वेश्चन टॅग, म्हणजे मागे जोडलेला छोटा प्रश्न, लावायचा झाला तर तो होकारी, 'डझ ही?', कारण वाक्य आधीच नकारी आहे.

ए-फाइव्हला बरोबर-चूक उत्तर नसतं, तरी गुण जातात ते उताऱ्यातलीच वाक्यं परत लिहिल्यामुळे. तीन वाक्यं पुरतात: मत, कारण आणि एक ठोस गोष्ट. 'शाळेत सायकलने जाता येईल का' असं विचारलं तर असं लिहिता येईल: 'आय थिंक चिल्ड्रन हू लिव्ह निअर देअर स्कूल कॅन यूझ अ सायकल. इट सेव्ह्ज मनी अँड गिव्ह्ज एक्सरसाइझ. बट मेन रोड्स आर क्राउडेड, सो द लेन निअर द स्कूल शुड बी क्लोज्ड टू कार्स इन द मॉर्निंग.' साधी इंग्रजी, छोटी वाक्यं. 'यस, बिकॉज इट इज व्हेरी गुड' एवढ्यावर दोन गुण मागू नयेत.

सारांश

उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश. उदाहरणं, याद्या आणि कोणाचे संवाद गाळायचे, स्वतःचं मत घालायचं नाही, 'आय' नाही. सर्वांत सोपी रीत अशी की प्रत्येक वाक्यासमोर समासात दोन-तीन मराठी शब्द लिहायचे. वरच्या उताऱ्यासाठी: 'पूर्वी सायकली', 'स्कूटर विरळा', 'शहर पसरलं, दुचाकी', 'ट्रॅक पण अडलेले', 'भरवसा नाही'. मग उताऱ्यावर हात ठेवून फक्त या टिपणांवरून इंग्रजीत लिहायचं. उतारा दिसत राहिला की वाक्यं आपोआप उचलली जातात.

'सायक्लिंग वॉज कॉमन इन पुणे अन्टिल द सिटी ग्रू अँड टू-व्हीलर्स टुक ओव्हर. सायकल ट्रॅक्स वेअर बिल्ट लेटर, बट दे आर सो ब्लॉक्ड दॅट रायडर्स कॅनॉट डिपेंड ऑन देम.' पाऊणशे शब्दांच्या उताऱ्याचा हा तीस शब्दांच्या आतला सारांश. क्लर्क, शिक्षक, टपऱ्या सगळं गेलं, आणि 'ब्रोकन'ऐवजी 'ब्लॉक्ड' आलं, म्हणजे लिहिणाऱ्याला अर्थ कळला हेही दिसलं. शीर्षक दोन-चार शब्दांचं, आणि उताऱ्यातल्या एकाच भागाला नव्हे तर सगळ्याला लागू पडेल असं. 'सायकल्स' हे फार मोघम आणि 'पार्क्ड व्हेइकल्स' फार अपुरं. 'पुणे अँड इट्स सायकल्स' चालेल.

उतारे आणायचे कुठून

जुन्या कृतिपत्रिका हव्यातच, पण त्या शेवटच्या दीड महिन्यासाठी राखून ठेवा. पूर्वपरीक्षेआधी संपवल्या तर वेळ लावून सोडवायला खरं काही उरत नाही. त्याआधीचे उतारे बालभारतीच्या पुस्तकांतून मिळतात. इंग्रजी माध्यमाची सहावी ते आठवीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, आणि मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलाला ती पातळी बरोबर बसते. इंग्रजीच्याच पुस्तकावर अडून राहू नये. त्यांचं इतिहास आणि भूगोलाचं पुस्तक माहितीपर उताऱ्यांसाठी फार उपयोगी, कारण विषय मराठीतून शिकलेला असतो आणि अर्थ लावायला आधार मिळतो. प्रश्न तयार नसतात, ते मुलानेच करायचे: दोन ट्रू-फॉल्स, एक 'व्हाय', एक शब्द. फॉल्स विधान रचताना कोणता शब्द बदलायचा याचा विचार करावा लागतो, आणि परीक्षेतला सापळा ओळखायची तीच उत्तम तालीम आहे.

इंग्रजी वर्तमानपत्र लावा हा सल्ला सगळे देतात. पहिल्या पानावरच्या बातम्या या कामाला फारशा बऱ्या नाहीत. मथळ्यातून 'इज', 'द' गाळलेले असतात, पहिल्याच वाक्यात चाळीस शब्द कोंबलेले असतात आणि निकाल आधी, हकीकत मागाहून. त्यापेक्षा रविवारच्या पुरवणीतला एखादा लेख कापून ठेवावा. शनिवारवाड्याला किंवा आगाखान पॅलेसला जाणं झालंच तर तिथल्या माहितीफलकावरचा इंग्रजी मजकूर फोनमध्ये टिपून आणावा. परीक्षेत येणारे माहितीपर उतारे साधारण त्याच वळणाचे असतात.

दिवाळीच्या सुट्टीपासून परीक्षेपर्यंत बारा-तेरा आठवडे मिळतात. आठवड्याला दोन उतारे, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे पंचवीसच्या आसपास. तेवढे पुरतात.

परीक्षेत

१८० मिनिटांत ८० गुण म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. चौथ्या प्रश्नाला हिशेबाने ३४ मिनिटं येतात. ३० मध्ये संपवायचा प्रयत्न करावा.

आधी प्रश्न वाचायचे की उतारा, यावर क्लासवाल्यांत मतभेद आहेत. आधी सगळे प्रश्न वाचले तर मूल उताऱ्यात शब्द हुडकत फिरतं. ए-वन जमतं, ए-टू आणि सारांश फसतो. म्हणून ए-वनवर एक नजर टाकून उतारा सलग एकदा वाचावा, मग बाकीचे प्रश्न, मग उतारा पुन्हा. ज्याला नुसतं पास व्हायचंय आणि ज्याचं वाचन फार सावकाश आहे, त्याने खुशाल प्रश्न आधी घ्यावेत; त्याचे दोन-तीन गुण तिथेच आहेत.

एखादा शब्द अजिबात कळला नाही तर त्याच्या जागी मनात 'अमुक' म्हणून वाक्य पुढे वाचायचं. नाव, ठिकाण, की कृती, एवढं कळलं तरी बहुतेक वेळा काम भागतं. विशेषनाम निघालं तर त्याचा अर्थ शोधण्यात वेळ घालवायचा नाही. कॅपिटल अक्षराने सुरू झालेला शब्द वाक्याच्या मध्ये दिसला की ते बहुधा नावच असतं.

शेवटी मिळणारी वाढीव १० मिनिटं निबंधाचं वाक्य सजवण्यात जातात. त्यातली तीन या प्रश्नाला द्यावीत. उताऱ्यातून उतरवलेल्या शब्दांचं स्पेलिंग कृतिपत्रिकेवर बोट ठेवून ताडावं, 'एस' आणि 'ईडी' सुटले नाहीत ना ते पाहावं, आणि सारांशाला शीर्षक दिलंय की नाही ते बघावं. शीर्षक लिहायचं राहून जाणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.